अमोनिया कॉम्प्रेसरचं तेल: डीलर म्हणतो सिंथेटिक घ्या, ऑपरेटर म्हणतात चाललंय ते चालू द्या

आलूचेंबर_इंदूर:

नमस्कार मंडळी. आमचं सांवेर रोडच्या पुढे बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. सासऱ्यांनी उभं केलं. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून रोजचा कारभार माझ्याकडे आलाय. मी कॉमर्सची. भाडं, कट्ट्यांच्या पावत्या, बँकेचं लिमिट, वीजबिल हे सगळं कळतं. मशीन रूममध्ये मात्र गेज वाचायचे आणि रजिस्टरवर सही करायची, एवढीच माझी मजल.

प्लांट अमोनियाचा. दोन रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनवाले कॉम्प्रेसर आहेत, किर्लोस्करच्या केसी सिरीजचे, बेल्टवर चालणारे, एक मोठा एक लहान. वरच्या मजल्यावर बंकरमध्ये, म्हणजे चेंबरच्या वरच्या खोलीत, थंडीच्या कॉइल, गच्चीवर पाणी पडणारा अ‍ॅटमॉस्फेरिक कंडेन्सर. तीन चेंबर खायच्या आणि बियाण्याच्या बटाट्याचे, ३ अंशांवर. चौथा चिप्सवाल्यांच्या मालाचा, १० ते १२ अंशांवर, कारण त्याहून थंड ठेवला तर बटाट्यात साखर वाढते आणि चिप्स तळताना काळे पडतात. शिवाय गेल्या वर्षी मटारासाठी उणे २० ची एक छोटी खोली केली. तिचं युनिट वेगळं, फ्रीऑनचं, आर-४०४ए.

आता तेलाचं. आजवर आमचे ऑपरेटरकाका इथल्या सियागंज बाजारातून ‘६८ नंबर’ आणत आलेत. कधी या कंपनीचा डबा, कधी त्या. गेल्या हंगामात मोठ्या मशीनला आठवड्याला दोन-तीन लिटर टॉप-अप लागायचं, यंदा पाच-सहा लागतंय. काका म्हणतात पिस्टनच्या रिंगा घासल्या असतील, नोव्हेंबरात माल निघाला की उघडू. तेवढ्यात एक तेलाचा डीलर येऊन गेला. चहा नको म्हणाला, पोहे मात्र दोनदा घेतले. त्याचं म्हणणं, एकच सिंथेटिक तेल घ्या, अमोनियालाही चालेल आणि मटाराच्या युनिटलाही. टॉप-अप कमी होईल, वीज वाचेल. भाव आमच्या डब्याच्या जवळजवळ चौपट.

काका ऐकायला तयार नाहीत, डीलर सोडायला तयार नाही, आणि चेकवर सही माझी आहे. दोन्हीकडे एकच तेल खरंच चालतं का? आणि चौपट पैसे टाकून मला नक्की काय मिळणार? कोणी नीट समजावून सांगेल का?

राजवाडा_रायडर:

ताई, डीलरला पोहे घातलेत तेवढं पुण्य पुरे. अख्ख्या इंदुरात आलूवाले ६८च टाकतात. आमच्या मामांच्या स्टोअरमध्ये तर वर्षानुवर्षं हायड्रॉलिकचं ६८ चाललंय, स्वस्तात मस्त. मशीन आजपण धडधडतंय. उगीच डोक्याला ताप घेऊ नका.

गॅसवाले_आबा:

रायडर, मामांना नमस्कार सांग आणि त्यांच्या मशीनची डिलिव्हरी व्हॉल्व्हची, म्हणजे दाबलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेची, प्लेट काढून फोटो टाक. मग आपण बोलू.

ताई, माझं सगळं आयुष्य अमोनियाच्या वासात गेलं. आधी बर्फाचा कारखाना, मग डेअरी, मग तुमच्यासारखी आलूची स्टोअर्स. त्यामुळे थोडं लांबेल, वाचा.

आधी डीलरची ‘एकच तेल’ ही गोष्ट संपवू. नाही चालत. आर-४०४ए ला पॉलीओल एस्टर जातीचं तेल लागतं, कारण त्या गॅसमध्ये साधं खनिज तेल विरघळत नाही. विरघळलं नाही की ते कॉइलमध्ये बसून राहतं, परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. आता हेच एस्टर अमोनियात घालून बघा. अमोनिया आणि सोबतचं थोडंफार पाणी त्याला फोडतं आणि साबणासारखा गाळ तयार होतो. अमोनियाला जे सिंथेटिक सहसा वापरतात ते पॉलीअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ. ते एस्टर नव्हे. डब्यावर नुसतं ‘सिंथेटिक’ लिहिलं असलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. आत पीएओ आहे, एस्टर आहे, पीएजी आहे की अल्किलबेन्झिन, हे विचारा. पीएजी अमोनियात विरघळतं, पण ते खास त्याच्यासाठी बांधलेल्या प्लांटचं काम, आणि जुन्या खनिज तेलाशी त्याचं पटत नाही. तुमच्या प्लांटला त्याचा संबंध नाही.

आता ‘६८ नंबर’. हा आकडा फक्त जाडीचा आहे. ४० अंश तापमानाला तेलाची व्हिस्कॉसिटी ६८ सेंटिस्टोक, दहा टक्के खाली-वर चालते. बस, त्या आकड्यात एवढंच आहे. हायड्रॉलिकचं ६८ असतं, गिअरचं ६८ असतं, रेफ्रिजरेशनचंही ६८ असतं. सियागंजात गर्दीच्या वेळी जाऊन ‘६८ देना’ म्हटलं की जो डबा हाताशी असेल तो मिळतो, आणि बहुतेक वेळा तो हायड्रॉलिकचाच असतो, कारण खप त्याचाच जास्त. हायड्रॉलिक तेलात झीज रोखायला जस्ताची वगैरे रसायनं घातलेली असतात. प्रेसमध्ये ती गुणाची. अमोनिया अल्कधर्मी आहे, त्याचं या रसायनांशी जुळत नाही, गाळ धरतो. तेव्हा सगळ्यात आधी मशीन रूममध्ये जा आणि आत्ता जो डबा उघडा आहे त्याचं लेबल वाचा. इंडियन ऑइलचं सर्वोफ्रिझ, हिंदुस्तान पेट्रोलियमचं सीतुल, मोबिलचं गार्गॉइल आर्क्टिक, असलं काही असेल तर ते रेफ्रिजरेशनचं. नसेल तर डेटाशीट मागवा, आणि त्यात डीआयएन ५१५०३ या जर्मन मानकाचा ‘केएए’ वर्ग लिहिलाय का बघा. केएए म्हणजे अमोनियासाठी, अमोनियात न विरघळणारं तेल.

‘न विरघळणारं’ हे शब्द नीट लक्षात घ्या, सगळी मेख तिथे आहे. फ्रीऑनच्या प्लांटमध्ये तेल गॅसबरोबर फिरतं आणि गॅसबरोबर घरी येतं. अमोनियात तसं होत नाही. कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गरम गॅसबरोबर उडतंच, काही वाफेच्या रूपात, काही बारीक थेंबांच्या. गॅसमधलं तेल वेगळं करणारा सेपरेटर बरंचसं पकडतो, उरलेलं पुढे जातं. आणि तेल द्रव अमोनियापेक्षा जड. अमोनियाची घनता ०.६४-०.६५ च्या आसपास, तेलाची ०.९ च्या जवळ. म्हणून ते जिथे जाईल तिथे तळाशी बसतं: रिसीव्हर आणि अ‍ॅक्युम्युलेटर या द्रव अमोनियाच्या टाक्यांच्या, कॉइलच्या खालच्या पाइपांत. तिथून ते आपण होऊन परत येत नाही. माणसाने जाऊन काढावं लागतं.

म्हणजे तेल आपण घेतो कॉम्प्रेसरसाठी, पण त्याचा कस लागतो दोन टोकांना. एक टोक डिलिव्हरी व्हॉल्व्हचं. अमोनियाचा स्वभाव गरम. तुमच्यासारख्या प्लांटमध्येही सिलिंडरच्या हेडमधून निघणारा गॅस १२० अंशांच्या आगेमागे असतो, म्हणून तर हेडला पाण्याचं जॅकेट असतं. तिथे हलकं तेल वाफ होऊन पळतं, निकृष्ट तेल जळून प्लेटवर काजळी धरतं. काजळीने प्लेट नीट बसत नाही, गरम गॅस मागे गळतो, तो पुन्हा दाबला जातो आणि हेड आणखी तापतं. दुसरं टोक कॉइलचं. तिथे तेल गोठता कामा नये. त्यासाठी पोअर पॉइंट, म्हणजे तेल ज्या तापमानापर्यंत ओतता येतं तो आकडा, बघायचा. नॅफ्थेनिक जातीचं चांगलं खनिज तेल उणे ३० च्याही खाली ओतता येतं, पीएओ त्याहून पुष्कळ खाली जातं. पण तुमचं सक्शन, म्हणजे कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे ओढल्या जाणाऱ्या गॅसचा दाब आणि तापमान, कुठे आहे? ३ अंशांच्या बटाट्याला कॉइलमध्ये उणे ८-१० पुरतं. उणे ३५-४० वर मटार गोठवायचा प्लांट असता तर मी स्वतः म्हटलं असतं, पीएओ घ्या. आलूला त्याची गरज नाही.

वीज वाचेल म्हणणाऱ्याला विचारा, कुठून वाचेल? बेअरिंगमधल्या घर्षणात थोडीफार वाचत असेल. खरी वीज जाते ती कॉइलला आतून चिकटलेल्या तेलाने. तेलाचा थर बसला की थंडी बाहेर येत नाही, मग ऑपरेटर सक्शन खाली ओढतो. ढोबळ हिशेब असा की सक्शनचं तापमान एक अंश खाली गेलं की तेवढ्याच थंडीला सुमारे तीन टक्के वीज जास्त लागते.

आता मला चार गोष्टी कळवा. पाच-सहा लिटर घालता, पण ऑइल पॉटमधून, म्हणजे तळाशी बसलेलं तेल जमा होतं त्या भांड्यातून, काढता किती? गेल्या हंगामात सक्शन किती पौंड दाबावर ठेवून चेंबर ३ वर राहायचा, आणि आता किती? मशीनच्या ऑइल ग्लासमध्ये पातळी कुठे असते? आणि मशीन चालू असताना सेपरेटरमधून क्रँककेसकडे (मशीनच्या तळाचा तेलाचा भाग) येणाऱ्या बारीक रिटर्न लाइनला हात लावून बघा. हात जपून लावा, आधी उलटा हात जवळ नेऊन अंदाज घ्या. लाइन मधूनमधून गरम व्हायला हवी. सतत गरम असेल तर सेपरेटरमधला फ्लोट (तेलाच्या पातळीने उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय आणि गरम गॅस क्रँककेसमध्ये येतोय. सतत गार असेल तर तेल परतच येत नाहीये.

आलूचेंबर_इंदूर:

आबा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सकाळीच मशीन रूममध्ये बसले. काका आधी थोडे फुगले होते, पण तुमचं लिखाण वाचून दाखवल्यावर म्हणाले, “हे गृहस्थ मशीनवाले दिसतात.” आमच्याकडे हे सर्टिफिकेट सहसा कोणाला मिळत नाही.

लेबल वाचलं. हायड्रॉलिक. त्याच्या शेजारी पडलेला आधीचा रिकामा डबा मात्र रेफ्रिजरेशनचा आहे, सर्वोफ्रिझ. म्हणजे मधेच कधीतरी बदललं. काका म्हणतात दुकानदार ‘वही चीज है’ म्हणाला होता.

घातलेलं तेल रजिस्टरमध्ये आहे, काढलेलं नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे मार्चमध्ये लोडिंग सुरू करण्याआधी ऑइल पॉट रिकामे केले, त्यानंतर एखाददुसऱ्या वेळी रिसीव्हरचं काढलं. बंकरच्या बाजूचं काढलेलं नाही, कारण माल भरलेला असताना चेंबर बंद ठेवायची भीती वाटते.

सक्शन गेल्या वर्षी ३० पौंडांवर असायचं, आता २४ वर ठेवलं तरच चेंबर ३ ला येतो. हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचा दाब, १९० ते २००. काका म्हणतात श्रावणात वाढतंच. ऑइल ग्लास पूर्ण भरलेला. काकांना भरलेला ग्लास बघितला की बरं वाटतं.

आणि रिटर्न लाइन: गार. तासाभरात तीनदा बघितली, तिन्ही वेळा गार.

गॅसवाले_आबा:

मग तुमचं तेल कुठे जातंय ते सापडलं. निदान अर्धं तरी.

सेपरेटर तेल पकडतोय, पण परत देत नाहीये. फ्लोट बंद अडकलाय किंवा त्याच्या आधीची जाळी चोंदलीय. सेपरेटर भरला की गॅस त्यातलं तेल उचलून पुढे नेणार, आणि पुढे म्हणजे शेवटी बंकरच्या कॉइलमध्ये. ३० पौंडांना अमोनिया उणे साडेआठच्या आसपास उकळतो, २४ ला उणे १२ च्या. साडेतीन अंशांचा फरक. वर सांगितलेला तीन टक्क्यांचा हिशेब लावा, कॉमर्सवाल्यांना मी काय शिकवणार. सगळा दोष तेलाचाच असेल असं नाही. कॉइलवर बर्फ चढला असेल किंवा पंख्याचा बेल्ट सैल असेल तरी सक्शन पडतं, तेही बघा. पण पहिला संशय तेलावर.

हेड प्रेशरबद्दल काकांचं बरोबर आहे. आपल्याकडे सगळे मे महिन्याला घाबरतात, पण माळव्याचा मे कोरडा असतो. हवा तापली तरी कंडेन्सरवरचं पाणी भराभर वाफ होतं आणि गार राहतं. पावसाळ्यात हवाच दमट, पाणी गार कसं होणार? तेव्हा १९०-२०० वर लगेच घाबरू नका. पाइपांवर क्षाराचं कवच चढलेलं नाही आणि सिस्टिममध्ये हवा साठलेली नाही, एवढी खात्री करा.

ग्लास अर्ध्यावर ठेवायचा. काकांना सांगा, भरलेल्या ग्लासने मशीनचं भलं होत नाही. क्रँक त्या जादा तेलात आपटतो, तेल उडतं, रिंगांना ते आवरत नाही.

लहान मशीनवर प्लांट घ्या, मोठं बंद करून सेपरेटर वेगळा करा, गॅस पूर्ण काढा आणि फ्लोटची जाळी साफ करून घ्या. हे काम काकांचं आणि बाहेरून बोलावलेल्या जाणकार फिटरचं. तुम्ही फक्त निघालेला गाळ एका कागदावर घेऊन फोटो टाका.

बडोदेकर_स्क्रू:

आबांशी बहुतांशी सहमत. पण एका ठिकाणी मी वेगळं बोलणार, कारण आबा एकदम नॅफ्थेनिकवरून पीएओवर उडी मारतात. मधला पर्याय राहून गेला.

मी इकडे बडोद्यात अमोनियाच्या स्क्रू कॉम्प्रेसरचं मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे बरेच प्लांट आता हायड्रोट्रीटेड तेलावर आहेत. ते खनिजच, पण हायड्रोजनच्या दाबाखाली शुद्ध केलेलं. गंधक, अ‍ॅरोमॅटिक वगैरे बरंचसं निघून जातं, हलके अंश कमी राहतात. म्हणून गरम हेडवर वाफ कमी होते आणि पुढे तेल कमी उडतं. वाफ झालेल्या तेलाला सेपरेटर पकडू शकत नाही, तो फक्त थेंब पकडतो. हे विसरलं जातं. स्क्रूमध्ये तर तेल थेट गॅसमध्ये फवारलं जातं, आमचं सगळं जगणंच सेपरेटरच्या कोएलेसरवर, म्हणजे बारीक थेंब एकत्र करणाऱ्या फिल्टरवर. पण रेसिप्रोकेटिंगला फायदा कमी असं नाही, उलट तुमचं हेड आमच्यापेक्षा गरम असतं. हे तेल काळं पडायलाही वेळ लावतं. भाव पीएओपेक्षा खूप कमी, नॅफ्थेनिकपेक्षा जास्त.

ताईंचा प्लांट वर्षातून आठ-नऊ महिने सलग चालतो. मला वाटतं हा पर्याय त्यांनी बघायलाच हवा. आणि गॅरंटीतलं मशीन असेल तर कोणतंही तेल बदलायच्या आधी बनवणाऱ्याचं मॅन्युअल उघडा, स्क्रूवाले तर मंजूर तेलांची यादीच देतात.

गॅसवाले_आबा:

बडोदेकर, मुद्दा मान्य. हायड्रोट्रीटेड चांगलं तेल आहे, मी नाही म्हणत नाही. माझा आक्षेप वेळेला आहे.

जुन्या प्लांटमध्ये नॅफ्थेनिक तेलात वर्षानुवर्षं बसलेल्या रबरी ओ-रिंगा तेल पिऊन फुगलेल्या असतात आणि त्या फुगीवरच सील धरून असतात. हायड्रोट्रीटेड किंवा पीएओ घातलं की ती फूग उतरते. ओ-रिंग आकसते आणि शाफ्ट सीलमधून, व्हॉल्व्हच्या बॉनेटमधून झिरपायला लागतं. एका डेअरीत मी हे बघितलंय: मालकाने भर उन्हाळ्यात महागाचं तेल ओतलं आणि आठ-पंधरा दिवसांत मशीन रूममध्ये डोळे चुरचुरायला लागले. तेल उत्तम होतं. रबर जुनं होतं. तीच बदली हिवाळ्यात ओव्हरहॉलबरोबर, सगळ्या ओ-रिंगा नव्या टाकून केली असती तर काही झालं नसतं. आणि ओ-रिंगा निओप्रीनच्याच. दुकानदार ‘व्हायटॉन भारी असतं’ म्हणून गळ्यात मारेल, ते अमोनियाला चालत नाही.

दुसरं, आज त्यांच्या क्रँककेसमध्ये हायड्रॉलिक आणि जुनं रेफ्रिजरेशन यांची खिचडी आहे. त्यात तिसरं महाग तेल ओतून काय मिळणार?

आलूचेंबर_इंदूर:

सेपरेटर उघडला. फ्लोट ठीक होता, जाळी चोंदलेली. फोटो बघा: काळी, चिकट पेस्ट, बोटाला लागली तर साबण लावूनही डाग जात नाही. मोठ्या मशीनची एक डिलिव्हरी प्लेटही काढली, तिच्या कडेवर काजळीचा टणक थर होता, नखाने निघाला नाही. फिटरने स्क्रॅपरने काढला. रिटर्न लाइन आता अधूनमधून गरम होते, मी स्वतः हात लावून पाहिलं.

ही पेस्ट हायड्रॉलिकमुळेच झाली का? डीलरला हे कळलं तर तो पुन्हा पोहे खायला येईल.

गॅसवाले_आबा:

फोटोवरून शंभर टक्के कोण सांगणार. उष्णता, हवा, पाणी, आतला गंज आणि चुकीचं तेल, सगळ्यांचा हातभार असतो. पण रेफ्रिजरेशनच्या चांगल्या तेलावर इतका गाळ इतक्या लवकर धरत नाही, एवढं नक्की.

एक साधी चाचणी करून घ्या. क्रँककेसमधलं थोडं तेल बाटलीत घ्या, बाटली उघडी ठेवून मोकळ्या हवेत त्यातला गॅस उडून जाऊ द्या, वास जवळजवळ जाईपर्यंत. मग गरम तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. जास्त खोलात जायचं असेल तर लॅबला नमुना पाठवा आणि व्हिस्कॉसिटी, पाण्याचं प्रमाण आणि झिजेचे धातू मागा. आम्लतेच्या आकड्याला अमोनियात फारसा अर्थ नाही, आम्ल तयार झालं तरी अमोनिया त्याला गिळतो.

आता बंकरचं तेल. माल भरलेला असला तरी काढता येतं, पण एका वेळी एकच चेंबर. रात्री किंवा पहाटे, दार उघडायचं नसेल तेव्हा. त्या चेंबरच्या कॉइलचं लिक्विड बंद करा, मशीनने त्यातला अमोनिया ओढून घ्या, पंखे चालू ठेवा म्हणजे चेंबरच्या हवेने कॉइल थोडी उबदार होते. थंडीत तेल हिवाळ्यातल्या तुपासारखं बसतं, ऊब मिळाली की खाली सरकतं. काही तासांनी बटाट्याचं काही बिघडत नाही, एवढ्या मालाची थंडी पटकन हलत नाही.

ऑइल पॉटमध्ये तेल आलं की वरून येणारा व्हॉल्व्ह बंद, सक्शनकडचा व्हेंट उघडा, आणि थांबा. पॉटवरचं दव-बर्फ वितळून तो हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. घाई असेल तर बाहेरून पाणी ओता, ज्योत कधीही नाही. बर्फ आहे म्हणजे आत अजून द्रव अमोनिया आहे. मग व्हेंट बंद करून ड्रेन हळूच किलकिला करायचा. ड्रेनला स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. नसेल तर आधी तो बसवा, मग तेल काढा. या अटीवर मी तडजोड करत नाही. अमोनिया प्लांटमधले कितीतरी अपघात तेल काढतानाच झालेत, आणि बहुतेकांत माणूस व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला गेलेला असतो. दोन माणसं, डोळ्यांना गॉगल, कॅनिस्टर मास्क, शेजारी पाण्याचा पाइप सुरू. दार उघडं आणि निघायची वाट मोकळी.

निघालेलं तेल मोजून रजिस्टरमध्ये लिहा, घातलेल्याच्या शेजारच्या रकान्यात. ही दोन्ही खाती जुळली पाहिजेत, हे तर तुमचंच क्षेत्र. आणि ते तेल गाळून पुन्हा मशीनमध्ये घालू देऊ नका. काका घालू बघतील.

चिल्ड_पीथमपूर:

मटाराच्या युनिटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ताई, आर-४०४ए चं तेल कॉम्प्रेसरच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच आणि त्याच व्हिस्कॉसिटीचं घ्या. अशा सेमी-हर्मेटिकना (मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद कवचात) बरेचदा ३२ नंबरचं एस्टर असतं, ६८ नव्हे. हे तेल हवेतली ओल ओढतं. म्हणून लहान डबा घ्यायचा, फोडला की वापरायचा, उरलेलं ठेवून द्यायचं नाही. पावसाळ्यात तर झाकण उघडं ठेवून फोनवर बोलायलाही जाऊ नका. आणि गळती नसताना तेल कमी झालं तर लगेच ओतू नका. फ्रीऑनमध्ये तेल हरवत नाही, कुठेतरी अडकतं: डीफ्रॉस्ट नीट होत नसेल, सक्शन पाइपला ट्रॅप नसेल. दोन्ही मशीन रूमच्या डब्यांवर वेगवेगळ्या रंगाची पट्टी मारा, रात्रपाळीचा पोरगा अंधारात चुकणार नाही.

बडोदेकर_स्क्रू:

पट्टीची कल्पना झकास. आबा, मग नोव्हेंबरात तरी ताईंना हायड्रोट्रीटेड सुचवणार की नाही?

गॅसवाले_आबा:

सुचवतो की. आत्ता: क्रँककेस रिकामं करा, पुसून घ्या, फिल्टर बदला, रेफ्रिजरेशनचं नॅफ्थेनिक ६८ भरा आणि हंगाम काढा. थोड्या दिवसांनी तेल काळं झालं तर पुन्हा बदला, जुना गाळ सुटत असतो. फिल्टरवर नजर ठेवा. नोव्हेंबरात मशीन उघडाल तेव्हा रिंगा मोजा, सगळ्या ओ-रिंगा आणि शाफ्ट सील नवे टाका, आणि तेव्हा हायड्रोट्रीटेड भरायचं असेल तर खुशाल भरा. टॉप-अप आठवड्याला दोन लिटरवर स्थिरावलं असेल तर त्या तेलाचा जादा भाव भरून निघतो का, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. लहान मशीनसुद्धा त्याच वेळी. एक या तेलावर आणि दुसरं त्या, असं ठेवू नका, प्लांट एकच आहे, तेल सगळीकडे मिसळणार.

आलूचेंबर_इंदूर:

ठरलं. पहिल्या चेंबरचं तेल काल पहाटे काढलं, स्प्रिंग व्हॉल्व्ह बसवूनच. काकांनी दोन बादल्या भरल्यावर स्वतःच म्हणाले, “एवढं होतं होय आत.” सक्शन २७ वर आलंय, अजून दोन चेंबर बाकी. दुकानदाराकडून आता बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घेते, नुसतं ६८ नाही. डीलरला फोन करून सांगितलं, अमोनियाचं आणि फ्रीऑनचं वेगवेगळं कोटेशन आणि दोन्हींची डेटाशीट पाठवा. अजून आलेलं नाही.

शेवटचा एक प्रश्न. हायड्रॉलिकचे दोन सीलबंद डबे उरलेत. दुकानदार परत घेत नाही. काका म्हणतात लहान मशीनमध्ये संपवून टाकू.

गॅसवाले_आबा:

काकांच्या हातातून ते डबे आजच काढून घ्या. ट्रॉलीच्या जॅकला लागतं ते तेल, किंवा शेजारी कोणाची प्रेस असेल तर त्याला विका. तोवर तुमच्या ऑफिसात ठेवा, मशीन रूममध्ये नाही.